थुंकी परत मिळत नाही

"मुलीच्या रक्तात दोष आहे आणि तुम्ही आम्हाला शिरा खायला घालताय?" मुलाची आई म्हणाली आणि बशी टीपॉयवर ठेवली. शिरा अर्धा संपवला होता.

समोर माझी नात साडी नेसून बसली होती. तिचा चेहरा उतरला. मुलगा तिला आवडला होता. त्याच्याबरोबर कॉफी पिऊन आली की गुणगुणत जिना चढायची. त्या दिवशी सुपारी फुटायची होती.

"कसला दोष?" मी विचारलं.

"थॅलेसेमिया. माझी भाची हिच्याच वर्गात आहे. सरांनी पडद्यावर दाखवलं."

आमच्या घरात नातीशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं.

झालं होतं असं. नातीच्या विद्यापीठात सगळ्या मुलांना एकेक नळी दिली. तीत थुंकायचं, मग तुमच्या जनुकांत काय आहे ते फुकट कळणार. वर एक टी-शर्ट. मी तेव्हाच नको म्हटलं होतं. मी पनवेलजवळच्या नेरे गावची. विंचरताना गळलेले केस, कापलेली नखं कुणाच्या हाती लागू द्यायची नाहीत, हे आमच्याकडे पोरींना लहानपणीच सांगतात.

"आजी, ही करणी नाही, विज्ञान आहे," नात हसून म्हणाली.

"असंल. पण नळी कुणाच्या कपाटात राहनार?"

ती टी-शर्ट घालून आली.

तपासणीत थॅलेसेमिया मायनर निघालं. तिला स्वतःला त्याचा त्रास काही नाही. सुपारीच्या दिवशी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं की ती मुलाला स्वतःच सांगणार होती. त्याआधी सरांनी वर्गाला निकाल दाखवले. नावं झाकली होती, गावं झाकली नव्हती. वर्गात पनवेलची ही एकटीच.

"नवराबायको दोघांनाही असेल तरच बाळाला धोका असतो," नात हळू आवाजात म्हणाली. "यांचीही तपासणी करून घेऊ या."

मी मुलाकडे वळले. "तुजं काय निघालं रं?"

"मी केली नाही अजून."

"मग कर की. कप रिकामाच हाय, थुंक त्यात."

त्याची आई ताडकन उठली. "काहीतरीच काय! आपल्या तब्येतीच्या गोष्टी असं कुणी चारचौघांत मांडतं का?"

"आमच्या पोरीच्या मांडल्याच ना तुमी आत्ता."

मुलगा स्वतःच्या मोज्यांकडे बघत बसला होता. आई निघाली तसा तोही निघाला. उरलेला शिरा आम्ही रात्री खाल्ला. चांगला झाला होता.

सोमवारी मी नातीबरोबर विद्यापीठात गेले. सर अदबीने बोलले. "आजी, नाव कुठे दिसत होतं?"

"आमच्या गल्लीत नुसतं 'भांडखोर म्हातारी' लिवलं तरी पत्र माज्याच दारात येतं."

"अहो, अभ्यासासाठी वापरायला हिची संमती आहे."

"अभ्यासासाठी दिली होती, सर," नात म्हणाली. "कुणाच्या मावशीला कळवायला नाही."

मग त्यांनी नमुना नष्ट करायचं कबूल केलं. मी म्हटलं, माझ्यासमोर करा. तर त्या खोलीत बाहेरच्यांना जायची परवानगी नाही म्हणे. थुंकीला कुलूप होतं. नष्ट केल्याचा निरोप नंतर आला. मी काही डोळ्यांनी पाहिलं नाही.

त्या मुलाचा एकदा 'सॉरी' असा मेसेज आला. नातीने उत्तर दिलं नाही. आता स्थळ आलं की चहाच्या आधीच ती स्वतः सगळं सांगून टाकते. एक जण तसाच उठून गेला. एक तपासणी करून येतो म्हणालाय, बघू. टी-शर्टाने मी फरशी पुसते, पाणी छान टिपतो.

मला हे हसत सांगता येतं, कारण लग्न माझं मोडलं नव्हतं. मोडलं ते नातीचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसली तीही तीच.