क्लबाला निघालेली हातगाडी

दादाला जाऊन आता वर्ष होईल. त्याच्याबद्दल लिहायला बसले की आधी ती हातगाडीच आठवते.

गिरणीतल्या अपघातात दादाचे दोन्ही पाय गेले. आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. तो दिवसभर गॅलरीत बसून बुद्धिबळ खेळे, दोन्ही बाजूंनी एकटाच. हरला की चिडे. परळच्या एका हॉलात शनिवारी बुद्धिबळाचा क्लब भरायचा. आपल्याला हरवणारा दुसरा कुणीतरी भेटावा, एवढीच त्याची मागणी होती.

चाळीच्या मंडळाने रीतसर बैठक घेऊन ठरवले, की संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर दादाला क्लबात न्यायचे. त्या दिवसांत नळदुरुस्तीपासून लग्नांपर्यंत सगळेच त्यानंतर होणार होते.

"मुंबई मिळू दे रे, मग पहिला नंबर तुझाच," अध्यक्ष म्हणाले.

"काका, मुंबई मला इथून रोज दिसते. तुम्ही फक्त खाली उतरवा."

शेवटी मीच भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. दरवर्षी चाळीचा गणपती उतरवणाऱ्या चौघांनी दादाला खुर्चीसकट उचलले. सवयीने जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'मोरया' झाला, आणि बायका दारात येऊन हात जोडू लागल्या.

"अगं बायांनो, मी आहे मी!" दादा ओरडत होता.

परळच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला. पाय गेलेला माणूस पाहून मोर्चेवाल्यांनी त्याला गोळीबारातला जखमी ठरवले, हार घातला आणि गाडी ताब्यात घेतली. क्लबाचा हॉल आमच्या डोळ्यांदेखत मागे पडला.

"मला उतरवा!" दादा ओरडला.

"झालाच पाहिजे!" मोर्चा गरजला.

"अहो, क्लब मागे राहिला!"

"झालाच पाहिजे!"

संध्याकाळी तो मानेपर्यंत हार घेऊन घरी आला, एकही डाव न खेळता. मला वाटले, आता पुन्हा नाव काढणार नाही.

"पुढच्या शनिवारी लवकर निघू," तो म्हणाला. "मोर्चेवाले जेवून जरा पडतात, तेवढ्यात."

तेवढ्यात तो पोचला. सगळे डाव हरून परत आला, आणि रात्री दोनदा भात मागितला. मग शनिवार कधी चुकला नाही. दंगल असली तरी गाडी गल्लीबोळांतून जायची.

तो गेला तेव्हा क्लबातले म्हातारे तीन मजले चढून आले. धापा टाकत टेकले, पाणी प्यायले. मग दादाला सर्वांत जास्त वेळा कुणी हरवले यावरून त्यांच्यात जुंपली. सुतकाचे घर होते, तरी आम्ही त्यांना थांबवले नाही.