डायरीच्या समासातली वकिली

श्रीदेवी तीन वर्षं चार महिने सोलापूरच्या कोर्टात रोज उभी राहिली, आणि कागदावर एकही दिवस उभी राहिलेली नव्हती. हे तिला सोमवारी सकाळी कळलं. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती.

फॉर्म न्यायाधीशाच्या परीक्षेचा. त्याला तीन वर्षं प्रत्यक्ष वकिली केल्याचा दाखला लागतो: ज्येष्ठ वकिलाची सही, वर न्यायाधीशांचा शेरा, सोबत चालवलेल्या दाव्यांची यादी. यादी करायला ती फायली घेऊन बसली. पक्षकार ज्यावर सही करून वकील नेमतो त्या वकालतनाम्यावर पहिल्या फायलीत नाव होतं, ॲड. आबासाहेब. दुसऱ्या फायलीत, ॲड. आबासाहेब. चाळिसाव्या फायलीला ती पाणी प्यायली. कोर्ट रोजच्या कामाची नोंद ठेवतं त्या रोजनाम्यात 'वादीतर्फे वकील हजर' एवढंच. हजर असलेल्याचं नाव काय, याची रोजनाम्याला उत्सुकता नसते.

"मामा," ती म्हणाली, "मी कुठंच नाहीये."

मामा म्हणजे मडिवाळप्पा, आबासाहेबांचा कारकून. मूळचा दुधनीचा, वय एकसष्ट, शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. चौतीस वर्षं तो आबासाहेबांच्या नव्या पेठेतल्या ऑफिसात वकालतनामे लिहीत आला होता. अक्षर असं, की छापील मजकूर शेजारी गबाळा वाटावा. पण त्याचा खरा धंदा वकील तयार करणं हा होता. त्याबद्दल त्याला कोणी काही दिलं नाही, आणि त्यानंही कोणाला तसं सांगितलं नाही.

कायद्याची पदवी घेऊन आलेल्या पोराला किंवा पोरीला तो पहिला महिना पक्षकारांबरोबर बाहेरच्या बाकावर बसवायचा. "लिवायचं न्हाय. निस्तं ऐकायचं. मानूस तिसऱ्या बारीला खरं सांगतो." अक्कलकोटकडचा पक्षकार मराठीत सुरुवात करून रागाला आला की कानडीत शिरतो, तिथं कान टवकारायचे, कारण खरी तक्रार तिथं असते. आणि कोर्टात बोलताना जजकडे बघायचं नाही, टायपिस्टच्या बोटांकडे बघायचं. "बोटं थांबली की बोलायचं. बोटं चालत्यात तवर बोललेलं वाऱ्यावर जातंय."

श्रीदेवीआधी असे अकरा जण त्यानं घडवले. अकराही गेले. कोणी पुण्याला गेलं, कोणी सरकारी वकील झालं. दहाव्या ऋतुराजनं तर जाताना मंगळवेढ्याचे नऊ पक्षकार बरोबर नेले आणि समोरच्याच माडीवर पाटी लावली. त्या दिवसापासून ऑफिसात नियम झाला की वकालतनाम्यावर ज्युनिअरचं नाव घालायचं नाही. आबासाहेबांनी कारणही दिलं होतं. "दोन नावं दिसली की पक्षकाराला वाटतं, वकील आजारी आहे."

श्रीदेवी आतल्या खोलीत गेली. मडिवाळप्पा दारात थांबला.

"दाखला? देतो की," आबासाहेब म्हणाले. "यादी आण."

"यादीत माझं नाव निघत नाही, साहेब."

"मग सही कशावर करू?" त्यांनी चष्मा काढला. "जे रेकॉर्डवर नाही, ते घडलेलं नाही. हे तुला पहिल्या आठवड्यात कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"आणि आता मलाच खोटी सही मागतेस? असं करू, पुढच्या सोमवारपासून तुझं नाव घालू. तीन वर्षं काय, बघता बघता जातात."

दुसऱ्याची तीन वर्षं माणूस किती मोकळ्या हातानं देतो, हे मडिवाळप्पा दारातून बघत होता. त्यात बोलणं कायद्याला धरून होतं, ही आणखी पंचाईत.

श्रीदेवी बाहेर येऊन फायली बांधू लागली. मडिवाळप्पानं एक वकालतनामा उचलला, मग दुसरा, मग सगळा गठ्ठा पुढ्यात घेतला. प्रत्येकावर त्याचंच सुबक अक्षर होतं.

"ह्ये समदं मीच लिवलंय की, अव्वा," तो म्हणाला. "माज्या हातानं तुला पुसली."

"तुम्हाला सांगितलं तेच लिहिलंत, मामा."

"आरोपी बी तेच म्हनतो."

त्यानं गठ्ठा बाजूला सरकवला. मग उठला आणि कपाटाच्या खालच्या खणातून चार डायऱ्या काढल्या. वकिलांच्या डायरीत रोजचे दावे आणि पुढच्या तारखा टिपतात, तशाच त्या होत्या. फक्त समासात बारीक अक्षरात काही काही लिहिलं होतं. कोर्टात कारकुनाला बोलता येत नाही. मागच्या बाकावर बसून मडिवाळप्पा चौतीस वर्षं लिहीत होता, आणि संध्याकाळी त्यातूनच ज्युनिअरच्या चुका सांगत होता. 'श्रीदेवी. पहिलाच उलटतपास. सात प्रश्न, चार जादा.' 'श्रीदेवी. आवाज आज ऐकू आला.' 'श्रीदेवी. मंद्रूपचा तलाठी फुटला. मी नाही शिकवलं हे.'

श्रीदेवी वाचत गेली. दोनशे अठरा तारखा निघाल्या, दाव्याच्या नंबरासकट.

"मामा, हे दाखवू या!"

"दाकवू की." मडिवाळप्पानं मान खाजवली. "पन त्यात बाकीच्यांबद्दल बी हाय."

बाकीचे म्हणजे आबासाहेब. आणि ज्यांचा शेरा लागणार होता त्या न्यायाधीश मॅडम. समासात त्यानं पदाप्रमाणे भेदभाव केला नव्हता. त्या डायऱ्या मॅडमच्या टेबलावर गेल्या तर चौतीस वर्षांची खुर्ची जाईल, हे त्याला कळत होतं. त्यानं डायऱ्या पिशवीत घातल्या आणि पिशवी स्वतः उचलली.

बुधवारी दुपारी मॅडमनी दोघांना चेंबरमध्ये घेतलं आणि आबासाहेबांनाही बोलावलं. आबासाहेब आले, डायऱ्या बघितल्या आणि उभेच राहिले. मॅडम पानं उलटत होत्या. एका पानावर थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं.

"'मॅडमचं लक्ष नव्हतं. दाढ असावी.'"

श्रीदेवीनं डोळे मिटले.

"दाढच होती," मॅडम म्हणाल्या आणि पान उलटलं. "दुसऱ्या दिवशी काढली."

पुढच्या एका पानावर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. आबासाहेब माईकसमोर, मागे फलक: 'विधी क्षेत्रातील तरुण गुणवत्तेची जोपासना.' महाविद्यालयातलं ते भाषण श्रीदेवीनं लिहून दिलं होतं, आणि मडिवाळप्पानं कौतुकानं कात्रण जपलं होतं. खाली त्याच दिवसाची नोंद होती. मॅडमनी डायरी आबासाहेबांकडे सरकवली. "तुम्हीच वाचा."

आबासाहेबांनी वाचलं. "'साहेब भाषणाला. उलटतपास श्रीदेवीनं घेतला. साहेबांपेक्षा...'"

"पुढं?"

"'...बरा.'"

"वकीलसाहेब, त्या दिवशी साडेअकराला तुम्ही माझ्या कोर्टात होतात, की फोटोत?"

आबासाहेबांनी आयुष्यभर साक्षीदारांना असे प्रश्न घातले होते, ज्यांना हो म्हटलं तरी खड्डा आणि नाही म्हटलं तरी खड्डा. उत्तर द्यायची पाळी प्रथमच आली होती. कोर्टात होतो म्हणावं तर फोटो होता. कोर्टात श्रीदेवी नव्हती म्हणावं, तर त्यांचा पक्षकार वकिलाविना सोडल्यासारखा होत होता.

"फोटोत," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "उलटतपास तिनंच घेतला."

"मलाही आठवतंय. पण माझ्या आठवणीवर शेरा मारता येत नाही. तुम्ही सही करता?"

त्यांनी सही केली. मॅडमनी यादीतल्या वीस तारखा रोजनाम्याशी ताडून घेतल्या, एक चुकीची निघाली ती खोडली, आणि शेरा मारला. गुरुवारी श्रीदेवीनं फॉर्म भरला. परीक्षा अजून व्हायची आहे.

त्याच संध्याकाळी आबासाहेब मडिवाळप्पाला म्हणाले, "सगळ्या डायऱ्या माझ्या घरी पाठव. चौतीसच्या चौतीस."

मडिवाळप्पानं पाठवल्या आणि आपला डबा, चष्म्याचं घर, वहाणांची जुनी जोडी पिशवीत भरून ठेवली. शुक्रवारी बोलावणं आलं नाही. शनिवारीही आलं नाही. सोमवारी आबासाहेब आले, डोळे रात्रभर वाचल्यासारखे लाल, आणि थेट कोर्टात गेले. मडिवाळप्पा सवयीनं मागच्या बाकावर बसला. शेजारी श्रीदेवी.

आबासाहेब उभे राहिले. साक्षीदारानं उत्तर दिलं. एरवी पुढचा प्रश्न त्या उत्तराच्या शेपटीवर पडायचा. निम्मं रेकॉर्डवर यायचंच नाही. आज ते गप्प होते. मॅडमनी वर बघितलं. समोरच्या वकिलानं वर बघितलं. सहासष्ट वर्षांचे आबासाहेब टायपिस्टच्या बोटांकडे बघत होते.

बोटं थांबली. मग ते बोलले.

मडिवाळप्पाचं तोंड उघडंच राहिलं. श्रीदेवीनं कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानं खिशातून पेन काढलं. नवी डायरी नव्हती, म्हणून हातातल्या कोऱ्या वकालतनाम्याच्या मागे लिहिलं: 'आबासाहेब. आज थांबले. प्रगती आहे.'