कोआला असलेली झाडं

मी वाचायला शिकले ती गिरणी कामगारांच्या आणि धरणग्रस्तांच्या पत्रकांवर. आईबाबा ती छापून आणायचे, मी घड्या घालायचे. नोकरीसाठी शारजात आले तेव्हा माझ्याकडे मतं भरपूर होती; ती वाटायची सोय तिथे नव्हती.

आमची कंपनी लाकूड आयात करायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सप्लायरच्या निलगिरीच्या लागवडीशेजारचं जंगल वणव्यात जळालं. लागवड वाचली, आणि जंगलातले जगले-वाचलेले कोआला, निलगिरीचा पाला खाऊन झाडावरच राहणारे, तिच्यात येऊन बसले. तोड सुरू झाली तेव्हा सप्लायरने मशीनच्या पुढे एक माणूस चालवला, नुसता वर बघत. कोआला दिसला की ते झाड आणि त्याच्या आसपासची झाडं सोडायची, तो आपणहून जाईपर्यंत. पण जाणार कुठे? जंगल तर राख झालेलं. आमचा माल अडकला.

साहेब पुण्याचे. म्हणाले, “त्यांना मेल कर. तो वर बघणारा माणूस काढा, गुरुवारच्या आत तोड संपवा. नाहीतर ऑर्डर कॅन्सल.”

“मी नाही लिहिणार, सर.”

“एका अस्वलासाठी?”

“अस्वल नाही ते. आणि एक नाही.”

“अगं बाई, तुला व्हिसा मी दिलाय. कोआलाने नाही.”

ऑफिस हसलं. मीही हसले असेन. तोंड हललं, एवढं आठवतं. एरवी अशा वेळी माझे कान तापायचे. त्या दिवशी ते गारच राहिले.

साहेबांनी दोन बोटांनी स्वतःच मेल टाइप केली. उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं: माणूस काढणार नाही, झाडं उभी राहतील, ऑर्डर रद्द समजावी.

“खलास,” साहेब म्हणाले. “दुसरा बघ.” व्हिसाचं पुन्हा काही बोलले नाहीत.

म्हणजे कोआला वाचले. मी उठून पाणी प्यायले आणि जागेवर येऊन बसले. आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं.

दुबईतला एक एजंट दुसऱ्या देशातलं लाकूड द्यायला तयार झाला. फोनवर मी त्याला विचारलं, “काटने से पहले पेड़ पे कौन देखता है?”

“क्या देखना है, मॅडम? लकड़ी है.” तो हसत होता. “यल्ला, चलो, माल कब चाहिए?”

साहेबांनी दिलेली तारीख मी त्याला सांगितली.