बिनवायरची गिटार

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चाळीस वर्षं वाजवलेली माझी गिटार आतून अर्धी पोकळ हाये. बिनवायरची, म्हणजे स्पीकरले न जोडता छेडली तर खोलीपुरतीच ऐकू येते. घरी तशीच वाजवायचो, तर बायको चुलीपासून ओरडायची, "जाडी तार उतरली हो!" तिचा कान माझ्याहून पक्का.

तिच्या तेरवीनंतर आठ दिवसांनी मी गिटार काढली अन् छेडली. सून दारात आली.

"मामाजी, वर्षभर घरात वाजवत नसतात. लोक काय म्हणतीन?"

"वायर लावलीच नाही. लोकांले काय डोंबल ऐकू जाते?"

"मले येते ना."

"मंग तूच सांग, तार सुरात लागली का?"

ती बराच वेळ कान देऊन उभी राह्यली. "मले नाही समजत, मामाजी."

मी गिटार खोळीत घातली. खरं सांगतो, मलेही समजत नव्हतं.