बोलायची पाळी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्ट मध्येच थांबली तर मला दरदरून घाम फुटतो, आणि गॅस बंद केलाय का हे बघायला मी कुलूप लावल्यावर परत घरात जातो. अशा माणसाने कल्याणजवळच्या मोहन्यात राहावं आणि त्याला नोकरी लागावी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. माझे वडील मोहन्यातल्याच कारखान्यात होते. पहिला भोंगा झाला की चपला घालायचे आणि दुसऱ्या भोंग्याआधी गेटवर असायचे. कामावर जाणं म्हणजे एवढंच असतं, असं मी लहानपणी धरून चाललो होतो.

नोकरीचं पत्र आल्यावर मी आणि बायको जेवण झालं तरी ताटावरून उठत नसू. हात वाळेपर्यंत तोच विषय. ठाण्यात बिऱ्हाड करायचं तर आई यायला तयार नव्हती. तिच्या मैत्रिणी इथे, विहार इथे, पौर्णिमेला खीर वाटायची ती इथेच. शहाडहून ट्रेन पकडायची तर माझ्या मणक्याचं काय, डॉक्टरांनी गर्दीत उभं राहायला साफ मनाई केलेली. बस बदलत बदलत जायचं तर पोचेपर्यंत जेवायची सुट्टी झाली असती. कुठलंही पारडं खाली जाईना.

त्या पेचातून आम्हाला काकांनी सोडवलं. काका नात्यातले नाहीत, मागच्या गल्लीत राहतात. वागळेलाच एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे, निवृत्तीला आलेले, आणि स्वतःच्या गाडीने जायचे. "अरे, गाडी रिकामीच जाते, बस की," एवढंच म्हणाले. गाडीत आधीपासून आमच्याच भागातल्या एक मॅडम होत्या, तिथल्या एका लॅबमध्ये कामाला. त्यांनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितला. पुढच्या सीटवर एक आठवडा त्या बसणार, एक आठवडा मी. जो पुढे बसेल त्याने काकांशी बोलत राहायचं. गप्प बसायचं नाही, मोबाइल बघायचा नाही.

मला वाटलं, हौशी मंडळी दिसतात. मी मुळात मितभाषी, त्यामुळे माझी पाळी आली की आंघोळ करतानाच मी विषय जमवू लागलो. निवडणूक, हापूस, भिवंडीतले खड्डे, काकांच्या तरुणपणचे कबड्डीचे सामने. काका छान ऐकायचे, हुंकार द्यायचे. दुर्गाडीचा पूल ओलांडून कोन गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना गोदामांचे कंटेनर लागायचे आणि मी एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत बोलत राहायचो.

एक दिवस रांजनोली नाक्याच्या पुढे माझे विषय संपले. काही सुचेना म्हणून मी काकांकडे पाहिलं. हात स्टेअरिंगवर नीट होते, पाय पेडलवर होता, आणि डोळे मिटलेले होते. हनुवटी हळूहळू छातीकडे चालली होती. समोर एका कंटेनरची मागची बाजू मोठी मोठी होत येत होती. मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"काका, पावभाजीत बीट घालतात का हो?"

काकांनी डोळे उघडले, अगदी सावकाश ब्रेक दाबला आणि म्हणाले, "ठाण्यात घालतात. कल्याणला नाही घालत."

 त्या दिवशी कामावर चहाच्या सुट्टीत मी मॅडमना फोन केला आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मागे बसून त्यांना काही दिसलं नसेल, त्या हादरतील.

"अहो, म्हणून तर बोलायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलेलं, गप्पांची हौस आहे म्हणून?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आधी गाडीत कुणी एक गृहस्थ होते, त्यांनाही ठाऊक होतं, नियम त्यांनीच घालून दिलेला. काकांना रात्री धड झोप लागत नाही. त्यांच्या घोरण्याने काकू बाहेरच्या खोलीत झोपतात, हे तर अख्ख्या गल्लीला माहीत. पण काकांना तोंडावर सांगणार कोण? मॅडमचे मिस्टर आजारी पडले तेव्हा काकाच त्यांना गाडीत घालून धावले होते. मला बसायला जागा दिली ती काकांनी. आजवर गाडीला ओरखडा नाही, हे ते दर आठ दिवसांनी सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. माणूस दुखावला जाऊ नये म्हणून आम्ही हा शहाणपणा काढला होता, आणि जीव मुठीत धरून रोज जात-येत होतो.

मी घरी काही बोललो नाही. बोललो असतो तर बायकोने नोकरी सोडायला लावली असती. मला रात्री पडल्या पडल्या कंटेनरचे लाल दिवे दिसायचे.  सुट्टीच्या दिवशी तेवढं जेवण गोड लागायचं. आणि तरीही, आणखी थोडे दिवस निभावेल, मग बघू, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग मुलीला ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. काका पेढे घ्यायला आले आणि म्हणाले, "पोरीला ट्रेनचे धक्के कशाला? सोमवारपासून आपल्या गाडीत." बायकोचा चेहरा केवढा उजळला. मी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

रविवारी दुपारी मी मुलीला गच्चीत नेलं आणि म्हणालो, तू ट्रेननेच जा.

"पप्पा, ट्रेनला तर तुम्हीच घाबरायचात."

मी तिला खरं ते सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही का बसता?"

मी मणक्याचं सांगितलं, पगाराचं सांगितलं, काकांना काय वाटेल ते सांगितलं. सांगता सांगता माझं मलाच ते पटेना. ती खाली निघून गेली. मला वाटलं, ऐकलं तिने.

सोमवारी मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर ती माझ्या आधीच गाडीत बसलेली, पुढच्या सीटवर.

"पप्पा, तुम्ही मागे बसा. मी बोलते काकांशी."

काका खूश झाले. मी तिला तिथल्या तिथे उतरवायला हवं होतं, पण काकांच्या देखत काय कारण सांगणार? मी मागे बसलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

ती बोलत होती. शाळेतल्या बाई, मैत्रिणींची भांडणं, कॉलेजचे फॉर्म, काय काय. आवाज नेहमीपेक्षा चढा होता. तिचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं, ती काकांच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि सीटबेल्ट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. माझ्या पोरीला मी माझी भीती वाटून दिली होती आणि ती मला वाचवायला निघाली होती. मला रडू आलं. कोनच्या पुढे तिला ठसका लागला आणि ती क्षणभर थांबली. आरशात काकांची मान कलताना मला दिसली.

"काका, गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो. "तुम्हाला झोप लागतेय."

एका पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर त्यांनी गाडी घेतली. इंजिन बंद केलं.

"काहीतरीच काय," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून पाहिलं. मॅडम रडत होत्या. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"मी यायला लागलो त्याच्याही आधीपासून," मी म्हणालो. "म्हणून तर आम्ही पाळीपाळीने बोलतो."

शेजारून एक कंटेनर गेला आणि अख्खी गाडी हलली. मला वाटलं, आता काका चिडतील, खाली उतरा म्हणतील. मी तयारीत होतो. पण त्यांचे हात स्टेअरिंगवरून मांडीवर आले.

"दर रविवारी मी नातीला घेऊन मुरबाडला जातो, लेकीकडे," ते म्हणाले. "कालही गेलेलो. ती मागे झोपते रे. आम्ही दोघंच असतो गाडीत."