धुक्यातलं डिझेल

सकाळचे सात चाळीस. ताईने तिसऱ्या वळणाआधीच्या रुंद जागेत पिकअप बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि काच खाली करून कान बाहेर काढला.

त्या रस्त्याची ती रीत होती. खालच्या पंपघरापासून डोंगरावरच्या टाकीपर्यंतचा कच्चा रस्ता एका गाडीपुरताच रुंद. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. टाकीचं बांधकाम चालू होतं तेव्हा डंपर वर-खाली करायचे. त्यांची वळणावर गाठ पडू नये म्हणून प्रत्येकाने आधी थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. समोरून आवाज आला तर वाट बघायची, नाही तर निघायचं. पुढे टाकी बांधून झाली, डंपर गेले, रीत तेवढी राहिली. आता त्या रस्त्यावर पाणीखात्याची एकच गाडी चालायची, ती ताईच्या हातात, आणि खालच्या फाटकाची किल्लीही ताईच्याच कमरेला. तरी वळण आलं की तिचा हात आपोआप चावीकडे जायचा.

धुकं बॉनेटपर्यंत आलं होतं. वरून डिझेलचा आवाज आला.

खालच्या गिअरमध्ये, दमादमाने उतरणारी गाडी. आवाजात मधूनच एक कोरडी टकटक, वॉल्व्ह ढिला असल्यासारखी. ती टकटक ताईला स्वतःच्या नाडीइतकी ओळखीची होती. खात्याच्या मिस्त्रीने ती दोनदा काढून बघितली आणि हात टेकले होते. टकटक तिच्याच गाडीची होती, आणि तिची गाडी तर तिच्याखाली बंद होऊन गार होत होती.

आवाज वळणाच्या पलीकडपर्यंत आला आणि थांबला. विझत विझत नाही, चावी फिरवल्यासारखा. पलीकडेही कुणीतरी इंजिन बंद करून काच खाली घेतली असावी आणि कान बाहेर काढला असावा, तसा.

ताई थोडा वेळ बसून राहिली. मग तिने सेल्फ मारला, गार इंजिन कण्हत-कुथत उठलं, आणि ती वळण घेऊन पुढे गेली. वळणापलीकडे ओली खडी होती. तिच्यावर चाकांची एकही खूण नव्हती.

हे थंडी पडल्यापासून चाललं होतं. सुरुवातीला तिने तो प्रतिध्वनी मानला. पण मूळ आवाजच बंद असताना प्रतिध्वनी कसला? घरी नवऱ्याला सांगावं असं एकदोनदा मनात आलं. नवरा शाळेत शिपाई, स्वभावाने सरळ. घरचा स्वयंपाक तोच करायचा आणि त्यावरून कुणी काही बोललं तर त्याला हातातला डाव दाखवायचा. तो म्हणाला असता, रजा टाक. आणि ताईने रजा टाकली तर वरच्या टाकीवर क्लोरीनचे डबे, भाजीपाला, बॅटऱ्या कोण नेणार? वर तिचा थोरला भाऊ राखणदार होता. आठवडाभर तो एकटाच तिथे असायचा. त्याला भेटणारं माणूस म्हणजे ताई, आणि त्याला ऐकू येणारी गाडी म्हणजे ताईची.

त्या हिवाळ्यात जुनी पिकअप मोडीत काढायचं ठरलं. नवी गाडी त्याच बनावटीची, फक्त इंजिन दोन प्रकारचं मिळत होतं. पाणीखात्याचे साहेब आडमुठे नव्हते. ते म्हणाले, "चालवणार तुम्ही, तर सांगणारही तुम्हीच. डिझेल की पेट्रोल, शुक्रवारपर्यंत कळवा."

मिस्त्रीच्या मते यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "ताई, डिझेल म्हणजे बैल. मुंडी खाली घालून ओढणार. पेट्रोल म्हणजे घोडं. दिसायला झोकात, चढ आला की नुसतं खिंकाळणार."

"आणि थंडीत तुमचा बैल उठत नाही त्याचं काय? परवा किती वेळ त्याची शेपटी पिळत बसले होते."

"म्हातारा झालाय तो. तुम्ही तरी उठाल का म्हातारपणी?"

"तुमच्याआधी उठेन."

"मग मला पण सेल्फ मारा," मिस्त्री म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसत गाडीखाली सरपटत गेला.

खरं तर ताईचंही मत डिझेलचंच होतं. चढावर डिझेलला फार पिळावं लागत नाही, ते इंजिनच्या कमी फेऱ्यांतच ओढतं. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. मधल्या ओढ्यात पाणी वाढलं तरी डिझेलला भिजून बंद पडायला ठिणगीचे प्लगच नसतात. पेट्रोलची गाडी पुढून हलकी, थंडीत एका चावीत सुरू होणारी आणि आवाजाला शांत. पण तिला तहान फार, आणि चढावर तिला सारखं ओरडून सांगावं लागतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच ते प्रकरण होतं. तरी विक्रेत्याने एक दिवसासाठी पेट्रोलची गाडी पाठवली होती, तेव्हा ती नेऊन बघायला काय हरकत आहे म्हणून गुरुवारी ताई तीच घेऊन निघाली. जुनी डिझेल आवारात उभी होती. तिची चारही चाकं मिस्त्रीने त्या सकाळीच काढली होती.

पेट्रोलची गाडी इतकी शांत चालली की चाकाखालची खडी वेगवेगळी ऐकू येत होती. तिसऱ्या वळणाआधी ताईने रीतीप्रमाणे थांबून इंजिन बंद केलं.

डिझेल होतंच. पण आज ते उतरत नव्हतं. तिच्या पुढे, वरच्या अंगाला, टाकीकडे चढत होतं.

ताईने गाडी सुरू केली आणि पहिल्या गिअरमध्ये मागे लागली. घाई करण्यासारखा रस्ता नव्हता.

टाकीपाशी शेवटच्या चढावर रस्त्याला साखळी असते. तिच्या आत सपाट अंगण, एका बाजूला कोठीची खोली, दुसऱ्या बाजूला जादा पाणी सोडायचा सांडवा. सांडव्याच्या बाजूला कठडा नाही. सरळ खाली दगड. गाडी कोठीच्या दाराला मागून लावावी लागते आणि आरशात कड दिसत नाही, म्हणून दादा रोज मागे उभा राहून हात करायचा. गाडी मागे येईल तसा एकेक पाऊल मागे सरायचा, आणि दार आलं की हात आडवा करायचा. एवढी वर्षं ताईने त्या हातावर डोळे मिटून गाडी मागे घेतली होती.

साखळी आधीच काढून ठेवलेली होती. दादा अंगणात उभा होता आणि त्याची पाठ कोठीकडे नव्हती. सांडव्याकडे होती.

"ये," तो म्हणत होता. "ये… येऊ दे. सरळ येऊ दे."

अंगण रिकामं होतं. डिझेलचा आवाज मात्र अंगणाच्या मध्यावर होता, रिव्हर्स गिअरमधला, टकटकीसकट. दादा एक पाऊल मागे सरला.

"दादा!" ताई काचेतून ओरडली. त्याला ती हाक समोरून, त्या आवाजातूनच आल्यासारखी वाटली असावी. त्याने हसून मान डोलावली. "अगं हो, बघतोय. ये."

आणखी एक पाऊल.

ताईने हॉर्न दाबला. दोन छोटे, एक मोठा. वर पोचल्यावर ती रोज द्यायची तसा. दादाचा हात हवेतच राहिला. त्याने मान वळवली, पण तिच्याकडे नाही. तिच्यापासून बरंच डावीकडे, नुसत्या धुक्याकडे. त्याच क्षणी डिझेल बंद झालं.

ताईने पळत जाऊन त्याचा स्वेटर दोन्ही हातांनी धरला आणि त्याला आत ओढला. त्याची डावी टाच कडेच्या बाहेर होती.

"बये, तू तिकडून कशी आलीस?" दादाने विचारलं. "आत्ता तर गाडीत होतीस."

"कुठल्या गाडीत?"

"हीच की आपली. काच खाली करून बोललीस माझ्याशी."

"काय बोलले मी?"

"विचारलंस की, मागे अजून जागा आहे का."

ताईने त्याला खोलीत नेऊन बसवलं. चहा ठेवला. मग त्याच्या समोर बसून हात वर केला आणि बोटं किती ते विचारलं. दादाने आधी हसण्यावारी नेलं, मग चिडला.

"ढगासारखं दिसतं," शेवटी तो म्हणाला. "उजेड कळतो. तू आलीस की ढग हलतो. बाकी सगळं आवाजावर. कुणाला सांगू नकोस. आंधळा राखणदार कोण ठेवतं?"

"आणि गाडी? ती रोज येते?"

"तूच येतेस ना रोज? कधी दोनदा येतेस. मला वाटायचं, काही विसरलं असशील." मग म्हणाला, "दुसऱ्यांदा आलीस की खाली उतरत नाहीस. मागे घेत राहतेस नुसती."

एरवी ताई डिझेलवर यायची तेव्हा हे तिच्या नजरेला पडणं शक्यच नव्हतं. तिचा आवाज आधी पोचायचा, दादा तिच्यासाठी सावरून उभा राहायचा. त्या दिवशी ती न ऐकू येता पोचली, म्हणून दिसलं.

शुक्रवारी तिने साहेबांना सांगितलं, पेट्रोल घ्या. मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "बाटल्या! आमच्या ताई बाटल्या! घोड्यावर बसणार म्हणे."

साहेबांनी कारण विचारलं. ताई म्हणाली, थंडीत सुरू होत नाही.

"हीटर बसवून देऊ. नव्या डिझेलला तो त्रासही नसतो. ओढ्याचं काय करणार?"

"पाणी असेल तेव्हा अलीकडे थांबेन." मग ती म्हणाली, "साहेब, आवाजामुळे."

मिस्त्री हसायला लागला. साहेब हसले नाहीत. टाकी सुरू झाली तेव्हा ते काही दिवस वर मुक्कामाला होते. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "मी तिथे खिडक्या लावून झोपायचो," एवढंच म्हणाले, आणि पेट्रोलवर सही केली.

नवी गाडी आली, जुनीचे तुकडे भंगारात गेले. इंजिन मिस्त्रीने स्वतः उतरवलं. वॉल्व्ह उघडून बघितले तर त्यांत काहीच दोष सापडला नाही. ताईने दादाशी एक करार केला. डिझेलचा आवाज आला तर ती मी नाही. दार लावून आत बसायचं. मी येईन ती गुपचूप येईन, साखळी मीच काढेन, गाडी मीच लावेन, आणि दारावर थाप मारून तुझं नाव घेईन.

काही दिवस ते बरं चाललं. ती वळणावर थांबायची, डिझेल ऐकायची, आणि आता निदान एवढं तरी नक्की असायचं की ते तिचं नाही. गाडी चढावर ओरडायची, पेट्रोल प्यायची. ताईने तक्रार केली नाही.

मग एका सकाळी तिने थाप मारली, नाव घेतलं, तरी दार लगेच उघडलं नाही. दादा आतून म्हणाला, "आधी तुझा हात दाराच्या फटीतून दे." तिने बोटं आत घातली. त्याने ती चाचपली आणि कडी काढली. तो कॉटच्या पायाला टेकून जमिनीवर बसला होता.

"काल आली होती," तो म्हणाला. "तू गेल्यावर. साखळीपाशी कितीतरी वेळ नुसती चालू उभी होती. मी उठलो नाही. मग हॉर्न दिला. दोन छोटे, एक मोठा." त्याने तोंडावरून हात फिरवला. "पूर्वी हॉर्न कधी देत नव्हती. त्या गुरुवारी तू दिलास, तो तिने ऐकला."

ताईने उघड्या दारातून साखळीकडे बघितलं.

"बये, मी दम धरून बसतो गं. पण माणूस आहे. एखाद्या सकाळी झोपेत असेन, थंडीने डोकं जड झालेलं असेल. हॉर्न वाजला की पाय आपले आपणच उठतात. एवढ्या वर्षांची सवय."

"मग सांगूया साहेबांना. डोळ्यांचं."

"नोकरी जाईल."

"टाचेखालची जमीन गेली होती तेव्हा नोकरी आठवली नाही ती? गप बस."

दादा खरोखरच गप्प बसला. धाकट्या बहिणीचं ऐकण्याची त्याची ती बहुधा पहिली वेळ. ताईने त्याच दुपारी साहेबांची गाठ घेतली. त्यांनी फार खोदून विचारलं नाही. डोळ्यांचं होईपर्यंत रजा, आणि नंतर खालच्या पंपघरात बसून करण्याचं काम, असं ठरलं. वर जायला दुसरा राखणदार मिळाला. तरणा, लग्न नुकतंच झालेलं, एकांत मिळेल म्हणून स्वतःहून तयार झालेला. मिस्त्री म्हणाला, लग्नाला दोन महिने झाले आणि एकांत हवाय, पोराचं काही खरं नाही.

आज संध्याकाळी तो नवा राखणदार आवारात ताईला भेटला. त्याने पिकअपच्या टायरला लाथ मारून बघितली, आणि निर्धास्तपणे बॉनेटला टेकला.

"नजर चांगली आहे ना?" ताईने विचारलं.

"घारीसारखी."

"मग तिच्यावरच राहा. डोळ्यांनी गाडी दिसेपर्यंत दाराबाहेर यायचं नाही. कितीही हॉर्न वाजो."

"का? वर दिवसाला किती गाड्या येतात?"

"एक," ताई म्हणाली. "पेट्रोलची."

उद्या सकाळी सव्वासातला गाडी पंपघरातून निघेल. जाताना पुढच्या सीटवर नवा राखणदार असेल, येताना दादा. डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला अकराची वेळ मिळाली आहे.