पत्तीचा धंदा

सनईची पत्ती वाजवणाऱ्याला तोंडात धरावी लागते. त्यामुळे आपण केलेली पत्ती दुसऱ्याला देऊ करणं म्हणजे जवळपास आपला टूथब्रश पुढे करण्यासारखं आहे. हे आधी सुचलं असतं, तर धंद्याचा विचारच मी केला नसता.

पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला बसवलेली ताडाच्या पानाची चिमुकली घडी. ती थरथरते म्हणून सनई बोलते. बाकी लाकूड, पितळ, गोंडे हा सगळा लवाजमा. माझ्या पत्त्या वर्षानुवर्षं विक्रोळीच्या चाळीतले एक म्हातारे कारागीर करायचे. नजर अधू झाली तसे ते गावी गेले, आणि बोरिवलीच्या आमच्या बाल्कनीत मी पानं भिजवायला लागलो. गोराईहून पान आणायचं, भिजवायचं, दुमडायचं, पितळी नळीवर दोऱ्याने आवळायचं आणि मग ब्लेडने तासत बसायचं. हात एकदा जास्त फिरला की पत्ती गेली. पहिले दोन महिने सगळ्या पत्त्या बदकासारख्या ओरडल्या. बायको स्वयंपाकघरातून निकाल द्यायची. एकदा म्हणाली, "बदकावरून बकरीपर्यंत आलास. प्रगती आहे."

दिवाळीनंतर मात्र चार-पाच पत्त्या खरोखर गोड निघाल्या आणि डोक्यात धंदा शिरला. लग्नांतल्या भपक्याला मी जन्मभर नाकं मुरडली. पण स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डावर सनईचं चित्र डावीकडे की उजवीकडे, यावर मी पंधरा दिवस घालवले. छापायला देण्याआधी एकच परीक्षा उरली होती. माझा जोडीदार.

जोडीदार म्हणजे वीसेक वर्षं माझ्या शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरणारा. मी राग आळवतो, तो एकच स्वर अखंड धरून ठेवतो. गडी कणकवलीकडचा, तोंडाने फटकळ. लोक मला 'सनईवाले' म्हणतात आणि त्याला काहीच म्हणत नाहीत. पत्ती वाईट असेल तर तो तोंडावर सांगणार, आणि त्याने सांगितलं की धंदा तिथेच संपला, हे मी मनाशी ठरवलं होतं.

मुलुंडच्या एका लग्नात सकाळी विषय काढला. इव्हेंटवाल्यांनी आम्हाला प्लायवूडच्या गवाक्षात बसवलं होतं. डोक्यावर तयार फेटे, खाली फुलांचे दोन हत्ती. मी म्हटलं, "पत्त्यांचा धंदा सुरू करायचं म्हणतोय. तुझ्यासाठी एक पत्ती ठेवलीय. घेशील ना?"

त्याने सनई मांडीवर ठेवली. मग मान खाली घालून म्हणाला, "मी कधी मागलंय काय रे तुझ्याकडे?"

मला वाटलं, माझी पत्ती तोंडाला लावायची किळस आली असेल. तेवढ्यात त्याने फोन काढला आणि बायकोला सांगितलं, की याने मला धंद्यात पत्ती दिली.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पत्ती म्हणजे भागीदारीतला वाटासुद्धा. 'त्या दुकानात माझी चार आणे पत्ती आहे,' असं वडिलांच्या पिढीतले लोक सर्रास म्हणत. घरात शब्दकोशांचा एक अख्खा कप्पा बाळगणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. माझा हात अजून खिशातल्या पत्त्यांच्या डबीवरच होता.

गैरसमज दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. पण फोनमधून त्याच्या बायकोचं हसणं मला ऐकू येत होतं, आणि तो तिला पुन्हा पुन्हा "होय गो, खराच" म्हणत होता. इतक्या वर्षांत त्याला कोणी कशात धरलं नव्हतं, मीही नाही. ते वाक्य मी गिळलं.

फोन ठेवून त्याने विचारलं, "कितकी?"

"अर्धी," मी म्हणालो, आणि मलाच बरं वाटलं.

मग पंचाईत लक्षात आली. परीक्षकच भागीदार झाला. आता खरं कोण सांगणार? तरी डबी पुढे केली. पहिली पत्ती त्याने लावली, फुंकली आणि काढून माझ्या हातात ठेवली.

"ही इकू नको. माझा नाव जातला."

दुसरीही परत आली. तिसरी फुंकून त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. भागीदार झाल्यापासून पाच मिनिटांत तो दुप्पट फटकळ झाला होता. चौथी लावली आणि सूर लागला, सरळ आणि भरलेला. त्याने काढली नाही. मी घाईघाईने सनई उचलली. मंगलाष्टकं लांबली, इव्हेंटवाल्याने धुराचं यंत्र सोडलं, अंतरपाटाआड नवरी खोकली, भटजी खोकले. सूर हलला नाही. मला हसू येत होतं आणि सनई वाजवताना हसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावरची बेल वाजली. तो स्वतःचं ब्लेड घेऊन आला होता. माझं गंजलेलं असणार, अशी त्याची खात्री होती. होतंच. चहा व्हायच्या आत तो बाल्कनीत मांडी घालून बसला आणि म्हणाला, "पाना खय आसत?"